एकाच मालाची दोन बिलं

बारावीचा निकाल लागला की बाळापूरच्या बस स्टँडच्या आसपासच्या भिंती वाचण्यासारख्या होतात. एका क्लासच्या पत्रकावर दुसऱ्याचं पत्रक चिकटतं, त्यावर तिसऱ्याचं. नर्सिंग, पोलीस भरती, टॅली यांच्या गर्दीत अलीकडे एक नवी ओळ ठळक अक्षरांत दिसते : तीन वर्षांत दोन पदव्या, बी.कॉम. आणि बी.बी.ए. एकदम. हीच ओळ मोबाइलवर येते, नातेवाइकांच्या ग्रुपवर फिरते आणि रात्रीच्या जेवणापर्यंत घरात पोचते. मग कुणीतरी मामा किंवा आत्याचे यजमान निकाल देऊन टाकतात : "दोन डिग्र्या भेटून राहिल्या तं घेऊन घे ना बापा!"

मामांचा हिशेब वरवर चोख वाटतो. दोन पदव्या एकदम घेणं कायद्याला मान्य आहे. वेळ तेवढाच लागतो. आणि ज्याला हिशेबही येतो आणि धंदाही कळतो, त्याला बाजारात दुप्पट किंमत. यातला पहिला मुद्दा खरा आहे, दुसरा अर्धाच खरा आहे आणि तिसऱ्याच्या खाली जमीन नाही. पण तिन्ही एका दमात सांगितले जातात, म्हणून तिन्ही सारखेच खरे वाटतात.

आधी जे खरं आहे ते मान्य करू. एप्रिल २०२२ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने एकाच वेळी दोन पदव्यांना परवानगी दिली. तासांच्या वेळा एकमेकींवर येत नसतील तर दोन्ही अभ्यासक्रम प्रत्यक्ष वर्गात बसून करता येतात. एक वर्गात आणि दुसरा दूरस्थ किंवा ऑनलाइन, असंही चालतं. दोन्ही दूरस्थ असले तरी हरकत नाही. पीएच.डी. यातून वगळलेली आहे. ही कल्पना काही एका रात्रीत आली नव्हती. २०१२ साली फुरकान कमर यांच्या समितीने एक नियमित आणि एक दूरस्थ अशा जोडीची शिफारस केली होती, ती दहा वर्षं पडून राहिली. २०२५ मध्ये आयोगाने आणखी एक पाऊल टाकलं आणि २०२२ च्या आधी अशा रीतीने घेतलेल्या पदव्यांनाही मान्यतेची वाट मोकळी केली. पूर्वी ज्यांची दुसरी पदवी नोकरीच्या कागदपत्रांत अडली, त्यांच्यावरचा अन्याय त्यामुळे दूर झाला. आयोगाच्या या निर्णयाशी भांडण असण्याचं कारणच नाही.

भांडण आहे ते जोडीशी. आयोगाने दार उघडलं ते वेगवेगळ्या विषयांत पाय टाकू पाहणाऱ्यांसाठी. इतिहास शिकणाऱ्या मुलीला संगणकशास्त्र घेता यावं, गणित शिकणाऱ्याला संस्कृत घेता यावं, ही त्यामागची समजूत. त्या दारातून बी.कॉम. आणि बी.बी.ए. ही जोडी आत आली आणि तिथेच सगळा घोटाळा झाला. कारण ही दोन शास्त्रं नाहीत. एकाच गाठोड्याच्या या दोन गाठी आहेत.

खात्री करायची असेल तर राज्य मंडळाचं बारावीचं पुस्तक उघडावं. वाणिज्य शाखेत 'वाणिज्य संघटन व व्यवस्थापन' नावाचा विषय आहे. त्यात व्यवस्थापनाची तत्त्वं येतात, म्हणजे फ्रेंच खाण-अभियंता हेन्री फेयॉल याने १९१६ साली मांडलेली चौदा तत्त्वं आणि त्यांच्या जोडीला फ्रेडरिक टेलरचं शास्त्रीय व्यवस्थापन. मग नियोजन, संघटन, नियंत्रण ही व्यवस्थापनाची कार्यं. बाळापूरचा मुलगा सतराव्या वर्षी हे पाठ करतो. बी.कॉम.ला गेला की व्यवस्थापनाच्या पेपरात फेयॉल पुन्हा भेटतो. बी.बी.ए.च्या पहिल्याच सत्रात तो तिसऱ्यांदा येतो. तीच चौदा तत्त्वं, तीच आदेशाची एकता, तीच अधिकार आणि जबाबदारीची जोडी. उलट बाजूने पाहिलं तर बी.बी.ए.च्या पहिल्या वर्षात आर्थिक लेखांकन येतं. कीर्द कशी लिहायची, खतावणी कशी करायची, तेरीज कशी जुळवायची, हे सगळं त्या मुलाने 'पुस्तपालन व लेखाकर्म' या विषयात आधीच केलेलं असतं. व्यवसाय अर्थशास्त्र, व्यावसायिक कायदा, सांख्यिकी, विपणन, मनुष्यबळ, खर्चाचे हिशेब हे दोन्हीकडे आहेत. नावं थोडी बदलतात, पुस्तकांची वेष्टणं बदलतात.

या एकपणाचा सगळ्यात पक्का पुरावा मुंबईने २०२४ साली दिला आणि तोही नकळत. त्या वर्षी अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने बी.बी.ए., बी.एम.एस. आणि बी.सी.ए. हे अभ्यासक्रम आपल्या कक्षेत घेतले. महाराष्ट्रात त्यांच्या प्रवेशासाठी सीईटी बंधनकारक झाली. तेव्हा मुंबईतल्या अनेक महाविद्यालयांनी परिषदेच्या कचाट्यातून सुटायला एक साधी युक्ती केली. बी.एम.एस. या नावाऐवजी 'बी.कॉम. (मॅनेजमेंट स्टडीज)' असं नाव घेतलं. अभ्यासक्रम जवळपास तोच, शिक्षक तेच, बाकंही तीच. पाटी बदलून जो अभ्यासक्रम एका सुट्टीत बी.कॉम. होऊ शकतो, तो बी.कॉम.हून वेगळं ज्ञान देतो हा दावा कोणत्या तोंडाने करायचा? लेखाशास्त्राचंही तसंच. मुंबई विद्यापीठात 'अकाउंटिंग अँड फायनान्स'ची पदवी पहिल्यापासून बी.कॉम.च्या कंसातच आहे.

आता वेळेचा हिशेब.

नव्या शैक्षणिक धोरणानुसार तीन वर्षांच्या पदवीला १२० श्रेयांक लागतात, म्हणजे एका सत्राला २०. सिद्धान्ताच्या एका श्रेयांकाला पंधरा तास धरले की सत्राचे ३०० तास झाले. पंधरा आठवड्यांत ते वाटले तर आठवड्याला वीस तास वर्गात. दोन पदव्या म्हणजे चाळीस. बाळापूर ते अकोला हे अंतर पंचवीस-सव्वीस किलोमीटर आहे. एसटीने जायला-यायला, थांब्यावरची वाट धरून, एका बाजूला तास गृहीत धरू. सहा दिवसांचे बारा तास झाले. एकूण बावन्न. अजून वही उघडलेली नाही, एकही गणित सोडवलेलं नाही, घरचं जेवण-खाण आणि शेतातलं काम धरलेलं नाही. विद्यार्थ्याला पासात ६६.६७ टक्के सवलत मिळते हे खरं, पण एसटी महामंडळ तिकिटाचे पैसे कमी करू शकतं, तास कमी करू शकत नाही.

यावर उत्तर तयार असतं : दुसरी पदवी दूरस्थ घ्या. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून आहे, इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ १९८५ पासून. दूरस्थ पदवी नियमित पदवीच्या तोडीची आहे हे आयोगाने स्पष्ट केलेलं आहे. या दोन्ही विद्यापीठांनी महाराष्ट्रातल्या लाखो नोकरदारांना, गृहिणींना, शिक्षण अर्धवट राहिलेल्यांना पदवीपर्यंत नेलं, ते उपकार कुणी विसरू नयेत. पण मुक्त विद्यापीठाची ताकद ज्याला वर्गात जाता येत नाही त्याच्यासाठी आहे. जो रोज अकोल्याला बी.कॉम.च्या वर्गात बसतोच आहे, तो संध्याकाळी घरी तेच धडे दुसऱ्या विद्यापीठाच्या पुस्तिकेतून वाचणार, पुन्हा परीक्षा देणार, पुन्हा गुणपत्रिका घेणार. यात त्याला नवं काय मिळालं, तर दुसरा शिक्का.

विद्यार्थ्याने मिळवलेले श्रेयांक जमा ठेवणारी श्रेयांकांची बँकही इथे मदतीला येत नाही. एका पदवीसाठी एकदा वापरलेले श्रेयांक खात्यातून वजा होतात, ते दुसऱ्या पदवीला पुन्हा लावता येत नाहीत. म्हणजे फेयॉल तीनदा वाचावा लागतो आणि परीक्षाही तीनदा द्यावी लागते. व्यापाऱ्याच्या भाषेत सांगायचं तर माल एकदाच आला, बिलं दोन फाटली आणि दोन्ही बिलं भरली विद्यार्थ्याने.

परदेशातल्या दुहेरी पदवीचं उदाहरण मोठ्या आत्मविश्वासाने पुढे केलं जातं. ऑस्ट्रेलियातल्या विद्यापीठांत दुहेरी पदव्या खरोखरच लोकप्रिय आहेत. पण त्यांची घडण कुणी समजावून सांगत नाही. तिथे दोन्ही पदव्या एकच विद्यापीठ देतं, एकाच आराखड्यात. समान विषय एकदाच शिकावा लागतो आणि दोन्हीकडे मोजला जातो. त्यामुळेच सहा वर्षांचं काम चार-साडेचार वर्षांत होतं. आणि लेखाशास्त्र तिथे बहुतेक ठिकाणी वाणिज्य किंवा बिझनेस पदवीतलाच एक मुख्य विषय असतो. दुहेरी पदवी घेणारा विद्यार्थी साधारणपणे त्याच्या जोडीला कायदा, अभियांत्रिकी, भाषा किंवा संगणक घेतो. आपल्याकडे त्यातलं फक्त 'दुहेरी' हे विशेषण आयात झालं, आराखडा तिथेच राहिला.

अमेरिकेचं उदाहरण तर उलटच जातं. तिथे सी.पी.ए., म्हणजे तिथला सनदी लेखापाल, होण्यासाठी बहुतेक राज्यांनी वर्षानुवर्षं १५० श्रेयांक-तासांची अट ठेवली होती. चार वर्षांची पदवी १२० तासांची, म्हणून उरलेले तीस तास भरायला मुलं पाचवं वर्ष घालवत, कित्येकदा नुसती बेरीज पूर्ण करायला. हिशेबनीसांची टंचाई जाणवू लागल्यावर तिथल्याच लोकांनी त्या अटीवर बोट ठेवलं. ओहायो राज्याने जानेवारी २०२५ मध्ये कायदा करून पर्यायी वाट उघडली : पदवी आणि तिच्या जोडीला दोन वर्षांचा कामाचा अनुभव. ज्या देशाकडे बोट दाखवून आपल्या पोरांना जास्त श्रेयांक गोळा करायला सांगितलं जातं, तो देश श्रेयांकांकडून कामाकडे वळतो आहे.

मग येतं शेवटचं अस्त्र. बाबासाहेबांनी नाही का एकाच वेळी दोन-दोन शिक्षणं केली?

केली. १९१६ साली लंडनला पोचल्यावर त्यांनी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये नाव घातलं आणि ग्रेज इनमध्ये बॅरिस्टरीसाठीही. शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ मध्ये परतावं लागलं. १९१८ ते १९२० या काळात ते मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात अर्थशास्त्राचे प्राध्यापक होते. हे वाणिज्य महाविद्यालय १९१३ साली सुरू झालं होतं. तिथल्या पगारातून पैसे साठवून आणि शाहू महाराजांची मदत घेऊन ते पुन्हा लंडनला गेले. १९२१ साली एम.एस्सी., १९२२ साली बॅरिस्टरी, १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावरच्या प्रबंधाला डी.एस्सी. वऱ्हाडाला तर उदाहरण शोधायला बाहेरही जायला नको. पापळचे पंजाबराव देशमुख विलायतेला गेले आणि वैदिक वाङ्मयातल्या धर्माच्या उगम-विकासावर प्रबंध लिहून डॉक्टर झाले, बरोबर बॅरिस्टरही झाले. परतल्यावर १९३२ साली त्यांनी शिवाजी शिक्षण संस्था काढली, जिच्या शाळा-महाविद्यालयांत आज वऱ्हाडातली पोरं शिकतात.

पण या दोघांनी कशाला काय जोडलं ते पाहावं. एकाने चलनशास्त्राला कायदा जोडला, दुसऱ्याने वेदाभ्यासाला कायदा. एक विद्या दुसरीला जे देऊ शकत नाही, ते मिळवण्यासाठी त्यांनी दुसरी घेतली. बाबासाहेबांनी अर्थशास्त्राच्या पदवीबरोबर आणखी एक अर्थशास्त्राचीच पदवी, निराळ्या नावाने, निराळ्या विद्यापीठातून, त्याच वेळी घेतली असती, तर ते उदाहरण बी.कॉम.-बी.बी.ए.च्या पत्रकावर छापायला योग्य ठरलं असतं. आणि गंमत म्हणजे आज त्यांची जोडीसुद्धा सहज जमणार नाही. बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांनी कायद्याच्या नियमित अभ्यासक्रमाबरोबर दुसरा नियमित अभ्यासक्रम करायला मनाई केलेली आहे. भाषा किंवा संगणकाचे छोटे प्रमाणपत्र अभ्यासक्रम आणि दूरस्थ शिक्षण यांनाच तिथे सूट आहे. खरोखर उपयोगी जोडीला अशी कुंपणं आहेत आणि निरुपयोगी जोडीला लाल गालिचा.

आता बाजाराकडे वळू, कारण मामांचा खरा विश्वास तिथेच आहे. अकोल्याच्या जिनिंगवाल्याला, बाळापूरच्या कृषी सेवा केंद्राला किंवा तालुक्यातल्या एखाद्या शेतकरी उत्पादक कंपनीला हिशेबाच्या माणसाकडून काय हवं असतं?

उदाहरण कापसाचंच घेऊ. शेतकरी जिनिंगला कच्चा कापूस विकतो. शेतकरी वस्तू व सेवा करात नोंदलेला नसतो, मग कर कोण भरणार? नोव्हेंबर २०१७ पासून नियम असा आहे की शेतकऱ्याकडून कच्चा कापूस घेणाऱ्या नोंदणीकृत खरेदीदाराने तो कर उलट आकारणीने स्वतः भरायचा आणि नंतर नियमाप्रमाणे त्याचं क्रेडिट घ्यायचं. कराची रक्कम आधी खिशातून जाते, परत मिळते ती नंतर. हंगामात रोज गाड्या उतरत असताना हे खेळतं भांडवल किती अडकतं, स्वतःच बनवायची बिलं कशी काढायची, विवरणपत्रात ती कुठल्या रकान्यात दाखवायची, हे ज्याला येतं त्याला अकोल्यात काम शोधत फिरावं लागणार नाही. फेयॉलच्या चौदा तत्त्वांत याचं उत्तर नाही, मग ती कितीदाही वाचा.

शेतकरी उत्पादक कंपनीचंही तसंच. दहा उत्पादक एकत्र आले की अशी कंपनी काढता येते, पण ती कंपनी कायद्याखाली असते. म्हणजे दरवर्षी लेखापरीक्षण, सभा, इतिवृत्त, विवरणपत्रं. एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या हिशेबाच्या संगणकप्रणालीत प्रत्येक फेरफाराची नोंद राहिली पाहिजे, ती बंद करता येता कामा नये, असाही नियम लागू झाला. संचालक मंडळावर शेतकरी असतात. त्यांना हा नियम समजावून सांगणारा, त्यांच्या बोलीत सांगणारा, टॅलीवर ते करून दाखवणारा एक पदवीधर त्या कंपनीला हवा असतो. तो दोन पदव्यांचा आहे की एका, हे विचारायला तिथे कुणाला सवड नसते.

सहकाराचं क्षेत्र आहेच. पतसंस्था, सेवा सहकारी सोसायट्या, गृहनिर्माण संस्था. महाराष्ट्रात यासाठी एक खास परीक्षा कित्येक वर्षांपासून चालत आली आहे : शासकीय सहकार व लेखा पदविका, म्हणजेच जी.डी.सी. अँड ए. पदवीनंतर देता येते, सहा पेपर असतात. लेखाशास्त्र आणि लेखापरीक्षण तर आहेच, पण सहकाराचं व्यवस्थापन, सहकारी कायदे, सहकारी बँकिंगही आहे. हिशेब आणि व्यवसाय यांची जोडीच हवी असेल तर ती या परीक्षेत शासनाने स्वतःच बांधून ठेवलेली आहे आणि ती सहकारी लेखापरीक्षकाच्या कामाची वाट उघडते. पण तिची जाहिरात भिंतीवर दिसत नाही, कारण त्यात तीन वर्षांचं शुल्क नाही.

आणि सनदी लेखापालाची वाट. वाणिज्य शाखेत एकाच वेळी दोन गोष्टी करणं काही २०२२ साली सुरू झालेलं नाही. सकाळी बी.कॉम.चं कॉलेज, दहाला सी.ए.च्या ऑफिसात आर्टिकलशिप, रात्री अभ्यास, हे पुण्या-मुंबईत पिढ्यान्‌पिढ्या चाललं आहे. अकोल्यातही सनदी लेखापाल संस्थेची शाखा आहे, म्हणजे लेखापालांची कार्यालयं आहेत आणि तिथे शिकायला बसणारी मुलं आहेत. ही जोडी टिकली त्याचं कारण तिच्यातल्या दोन्ही बाजू वेगळं शिकवतात. विद्यापीठ सिद्धान्त शिकवतं, ऑफिस खरी व्हाउचरं हातात देतं. जुलै २०२३ पासूनच्या नव्या योजनेत आर्टिकलशिप तीन वर्षांवरून दोन वर्षांवर आली, इंटर आणि फायनलचे पेपर सहा-सहा झाले. तिथेसुद्धा संस्थेचा दंडक असा की आर्टिकल असताना दुसरा अभ्यासक्रम करायचा तर परवानगी घ्यावी लागते आणि तासांच्या वेळा ऑफिसच्या आड येता कामा नयेत. म्हणजे बी.कॉम.ला बी.बी.ए. जोडणारा मुलगा पुढे सी.ए.कडे वळला, तर त्याची दुसरी पदवी बहुधा पायातला धोंडा ठरेल.

दुसऱ्या बाजूने एक चांगला आक्षेप येतो, त्याला बगल देणं अप्रामाणिकपणाचं होईल. आक्षेप असा : बी.कॉम. रुक्ष आहे. बी.बी.ए.त मुलं गटात काम करतात, प्रकल्प करतात, उभं राहून इंग्रजीत बोलतात. बाळापूरच्या मराठी किंवा उर्दू माध्यमातून आलेल्या पोराला हेच तर हवं असतं. बारावीपर्यंत जो नावे आणि जमा म्हणाला, त्याला पदवीत अचानक डेबिट-क्रेडिट म्हणावं लागतं, मुलाखतीत त्याची बोबडी वळते.

दुखणं खरं आहे. पण औषध चुकीचं आहे. इंग्रजी बोलायला शिकण्यासाठी आणखी चाळीस पेपर देण्याची गरज नसते. त्यासाठी भाषेचा चांगला अभ्यासक्रम लागतो, एक्सेल लागतं, कुणीतरी चुका दुरुस्त करणारं लागतं. आणि भाषेचा प्रश्न इतका खरा असेल तर तो विद्यापीठाने पहिल्याच पदवीत सोडवायला हवा. विदर्भाने हा प्रश्न फार आधी ओळखला होता. वर्ध्याला १९४० साली निघालेल्या सेकसरिया वाणिज्य महाविद्यालयाने मातृभाषेतून वाणिज्य शिकवण्याचा प्रयोग केला, तेव्हा देशात फारसं कुणी त्या वाटेला जात नव्हतं. आज गरज त्या प्रयोगाच्या पुढच्या टप्प्याची आहे : मुलाला कीर्दही कळावी आणि जर्नलही, तेरीजही आणि ट्रायल बॅलन्सही, आणि एका भाषेतून दुसरीत जाताना त्याला घाम फुटू नये.

मग ही जोडी विकली का जाते? २०२४ च्या आकड्यांत त्याचं निदान एक कारण दिसतं. त्या वर्षीच्या पहिल्या सीईटीला राज्यात बी.बी.ए., बी.सी.ए. वगैरेंच्या लाखाहून जास्त जागा होत्या आणि परीक्षेला बसले ते पन्नास हजारांच्या आत. जागा भरेनात म्हणून पुन्हा एक परीक्षा घ्यावी लागली. इतक्या जागा रिकाम्या असताना जो विद्यार्थी बी.कॉम.ला आधीच दाखल आहे, त्यालाच दुसरं गिऱ्हाईक समजून हाक मारली जात असेल तर नवल नाही. प्रत्येक संस्था तशी वागते असा आरोप इथे नाही. पण ज्याच्या दुकानात माल पडून आहे, त्याने दिलेला 'दोन घ्या' हा सल्ला थोडा पारखून घ्यावा, एवढं तरी वऱ्हाडातल्या व्यापारी पेठांनी आपल्याला शिकवलेलं आहे.

दोष पोरांचा मुळीच नाही. अठरा वर्षांच्या मुलाला नोकरीची भीती असते आणि भीतीला आकडा हवा असतो. एक पदवी म्हणजे कमी, दोन म्हणजे जास्त. या भीतीवर विद्यापीठाकडे उत्तर होतं आणि अजूनही आहे. आयोगाच्या डिसेंबर २०२२ च्या आराखड्यात दुहेरी मुख्य विषयाची सोय आहे : दुसऱ्या विषयात किमान ४० टक्के श्रेयांक मिळवले की एकाच पदवीवर दोन मुख्य विषय. एक प्रवेश, एक शुल्क, एक वेळापत्रक आणि समान धडे एकदाच. संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठाच्या पाच जिल्ह्यांतल्या वाणिज्य महाविद्यालयांत लेखाशास्त्र आणि व्यवसाय व्यवस्थापन यांची अशी जोडी नीट बांधली, तिला हंगामातल्या जिनिंगमधली, पतसंस्थेतली, सी.ए. ऑफिसातली प्रत्यक्ष कामाची सत्रं जोडली, तर भिंतीवरच्या पत्रकाला बाळापुरात गिऱ्हाईक मिळणार नाही.

तोवर दोन पदव्या कुणी घेऊच नयेत असं नाही. बी.कॉम.ला जोडायला सांख्यिकी आहे, संगणकशास्त्र आहे, शेतीचा एखादा दूरस्थ अभ्यासक्रम आहे, उर्दू किंवा इंग्रजी वाङ्मयही आहे. ज्याला खरंच व्यवस्थापन शिकायचं आहे त्याने पदवीनंतर दोन वर्षं काम करावं आणि मग एम.बी.ए.ला जावं. तेव्हा वर्गात सांगितलेल्या प्रत्येक गोष्टीला जोडायला त्याच्याकडे एक दुकान असेल, एक मालक असेल, एक फसलेला व्यवहार असेल.

आणि ज्याला तरीही बी.कॉम. आणि बी.बी.ए. एकदमच करायची आहे, त्याने प्रवेशाच्या आधी एक रविवार काढावा. दोन्ही अभ्यासक्रमांच्या विषययाद्या शेजारी-शेजारी ठेवाव्यात, सोबत बारावीची दोन पुस्तकं. जे धडे दोन्हीकडे आहेत त्यांवर पेन्सिलने रेघ ओढावी, जे बारावीत झाले आहेत त्यांवर दुसरी. बाळापुरात मन आणि म्हैस या दोन नद्यांच्या संगमावरच्या किल्ल्याजवळ सावलीला बसलं तर हे काम दुपारपर्यंत होतं. मग रेघा न पडलेल्या विषयांची यादी कोऱ्या कागदावर उतरवावी, तो कागद घेऊन प्रवेशाच्या खिडकीशी जावं आणि तीन प्रश्न विचारावेत : एवढ्याच विषयांचे पैसे घेणार का, बाकीच्यांना पुन्हा परीक्षा का द्यायची, आणि दोन्हीकडची हजेरी एकाच माणसाने कशी भरायची. पलीकडून उत्तर येईपर्यंत शुल्काची पावती फाडू देऊ नये.